अकरा प्रती

"दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे, एवढंच सांगा बाबा."

"लुकलुकतोय."

"कुठल्या रंगाचा?"

मिस्त्री गुडघे टेकून प्रिंटरच्या तोंडाशी वाकले. "नारिंगी. आता गेला. आता परत आला. अगं, नुसती उघडझाप चाललीये याची."

"म्हणजे अजून जोडलाच गेला नाहीये," फोनमधून मुलगी म्हणाली. दुसऱ्या शहरातल्या तिच्या ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ती बोलत होती. "बाबा, पावणेअकरा झालेत. बाराला गाडी येईल."

"मला घड्याळ कळतं."

मिस्त्रींना आपल्याच आवाजाची लाज वाटली, पण तसं म्हणायला वेळ नव्हता.

सकाळी नऊला शुश्रूषागृहाच्या मेट्रनबाईंचा फोन आला होता. विस्मरणाच्या रुग्णांसाठीची एक खाट रिकामी झाली होती. आठ महिने ज्या यादीत बायकोचं नाव होतं तिच्यात आता तिचा नंबर लागला होता. अर्ज कागदावर, सहीनिशी हवा. डॉक्टर एकला निघतात, मग आठवडाभर नाहीत आणि मागे अजून तीन घरं थांबलेली आहेत. "आमची गाडी बाराला तुमच्याच बाजूने येते. ड्रायव्हर दाराशी येईल. पाकीट तयार ठेवा, तो थांबायचा नाही," असं सांगून त्यांनी फोन ठेवला होता. मुलीने तिकडे बसूनच अर्ज भरला आणि लॅपटॉपवर पाठवला. आता तो फक्त कागदावर उतरायचा होता.

छपाईचं दुकान चौकापलीकडेच होतं. दहा मिनिटांचं काम. पण दोन आठवड्यांपूर्वी मिस्त्री दहा मिनिटांसाठीच खाली गेले होते, तेव्हा बायकोने आतून कडी लावून घेतली आणि ती काढायची कशी हेच ती विसरली. दारापलीकडे तिचे हुंदके ऐकत त्यांनी स्वतःच्या हाताने बिजागऱ्या उतरवल्या होत्या. तिला सोबत न्यावं, तर चपला घालण्यातच अर्धा तास जाई. वरच्या मजल्यावरची शिक्षिका या वेळी शाळेत. राहता राहिला हा प्रिंटर.

"राउटरच्या मागचं बारीक बटण दाबा," मुलगी म्हणाली. "आणि लगेच प्रिंटरचं. दोन मिनिटांच्या आत."

त्यांनी दाबलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा राउटरच बंद पडला आणि सगळे दिवे परत एकेक करून लागेपर्यंत ते दात आवळून उभे राहिले. चौतीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर काढली होती. पंपाच्या अंगावर तळवा ठेवला की बेअरिंग कुठे खातंय ते त्यांना कळायचं. तार असती तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते चाचपत गेले असते. इथे दोन डबे चार हातांवर समोरासमोर बसलेले आणि मधे नुसती हवा.

तिसऱ्या खेपेला दिवा निळा झाला. निळाच राहिला.

"झाला! स्थिर झाला!"

"शाब्बास. आता अर्ज उघडा आणि प्रिंट दाबा."

त्यांनी दाबलं. पडद्यावर प्रिंटरचं नाव फिकट करड्या अक्षरांत होतं आणि शेजारी लिहिलं होतं : संपर्क नाही.

"पुन्हा दाबा."

"दाबलं. तेच."

"असं कसं? मागच्या महिन्यात मीच जोडून गेले होते की."

"मग राउटर बिघडला. नवा बसवला. ते तुझं जोडलेलं त्याच्याबरोबर गेलं असेल."

मागून कुणीतरी मुलीला हाक मारल्याचं ऐकू आलं. "बाबा, मला आत बोलावतायत. पंधरा मिनिटांत करते फोन. तोवर दाबत राहा. कधी कधी आपसूक होतं."

मिस्त्री दाबत राहिले. दाबायचं, प्रिंटरकडे बघायचं, पुन्हा दाबायचं. प्रिंटर ढिम्म. सव्वाअकरा झाले. अकरा वीस झाले. पाठीला घाम सुटला होता. एकदा वाटलं, जाऊ दे, आपणच हाताने लिहून काढू सगळा अर्ज. मग त्यातली एकेक ओळ आपल्या हाताने लिहायची आहे हे ध्यानात आलं, आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

"काय चाललंय तुमचं?"

बायको दारात उभी होती. एका हातात कंगवा, केस अर्धेच विंचरलेले. मिस्त्रींनी घाईघाईने लॅपटॉपचा पडदा अर्धा खाली केला.

"काही नाही. पेन्शनचं एक पत्र छापायचंय. तू बस आत."

"छापत नाहीये का?"

"होईल आता. तू बस ना."

ती बसली नाही. पुढे आली, प्रिंटरच्या निळ्या दिव्याकडे बघितलं, मग राउटरकडे, मग लॅपटॉपकडे. तिच्या कपाळावर आठी पडली. ही आठी मिस्त्रींनी वर्षभरात पाहिली नव्हती. तिच्या ऑफिसात पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा हात लावायला कुणी धजत नव्हतं. हिने ते दोन महिन्यांत शिकून घेतले आणि मग तीस-पस्तीस कारकुनांना शिकवले. साहेबसुद्धा दार लावून हिच्याकडून शिकले. सगळं ऑफिस तिला मास्तरीणबाई म्हणायचं. घरात कॉम्प्युटर होता, पण मिस्त्रींना त्याला कधी हात लावावा लागला नाही. ती होती ना.

"उठा," ती म्हणाली.

"अगं, नको. मी करतो."

"उठा म्हणते ना."

ते उठले. तिने पडदा वर केला. पण तिने अर्जाकडे बघितलंच नाही. तिची नजर थेट खालच्या कोपऱ्यात गेली. बोटं अडखळली, थांबली, आणि मग आपली वाट ओळखीची असल्यासारखी चालू लागली.

"हे बघा. लॅपटॉप कुठल्या वायफायवर आहे?"

"आपल्याच."

"आपल्या नाही. हे वरच्या बाईंचं. राउटर बंद होता तेव्हा त्यांनी पासवर्ड दिला होता ना, तेव्हापासून हा तिकडेच चिकटलाय. प्रिंटर खालच्या नेटवर, लॅपटॉप वरच्या. एकमेकांना दिसणार कसे?"

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. काल दुपारी तिला चमचा कशासाठी असतो ते आठवत नव्हतं.

"दोघं एकाच नेटवर आणायचे," ती सावकाश, समोर वर्ग बसलाय अशा आवाजात म्हणाली. "पासवर्ड राउटरच्या पाठीवर लिहिलेला असतो. तो इथे टाकायचा. आता बघा."

पडद्यावरचं करडं नाव ठळक काळं झालं.

"थांब," मिस्त्री म्हणाले. "आता तू आत जा, मी..."

प्रिंटरने आतल्या आत एक उसासा टाकला, चाकं फिरली आणि कागद बाहेर आला. एक. त्यामागे दुसरा. मिस्त्रींनी झडप घालून पहिला उचलला तोवर तिसरा निघाला होता. त्यांनी जितक्या वेळा बटण दाबलं होतं, तितक्या वेळा तो अर्ज रांगेत जाऊन उभा राहिला होता.

"बंद कसा करायचा हा? अगं, बंद कर!"

"चालू असताना ओढू नका, कागद अडकेल."

चौथा कागद टेबलावरून घसरून तिच्या पायाशी पडला. तिने वाकून तो उचलला.

मिस्त्रींनी हात पुढे केला, पण तो तसाच अधांतरी राहिला. प्रिंटर घरघरत होता. पाच. सहा. ती वाचत होती. वर तिचं पूर्ण नाव, वय, आणि त्याखाली शुश्रूषागृहाचं नाव. मिस्त्री भिंतीला टेकले. एवढ्या वर्षांत ते तिच्याशी खोटं बोलले नव्हते असं नाही, पण असे कागदोपत्री कधी पकडले गेले नव्हते.

अकरावा कागद पडला आणि खोलीत एकदम सामसूम झाली.

"पेन्शनचं पत्र," ती म्हणाली.

"ऐक माझं. मुलगी म्हणत होती, म्हणून... मला रात्र रात्र झोप नाही लागत. तू गॅस उघडा ठेवतेस. परवा तू... मी एकटा नाही पुरा पडत गं."

ती त्यांच्याकडे न बघता एकेक ओळीवर बोट ठेवत होती. "'स्वतःच्या हाताने जेवते का?' कधी कधी. बरोबर. 'घराचा पत्ता सांगू शकते का?' नाही." ती थांबली. ओठ हलले, मनातल्या मनात ती पत्ता म्हणून बघत असावी. मग बोट पुढे सरकलं. "'पतीला ओळखते का?' बहुतेक वेळा." तिने मान वर केली. "मी कधी नाही ओळखलं तुम्हाला?"

"एकदाच."

"केव्हा?"

"मंगळवारी. म्हणालीस, नळ दुरुस्त करायला माणूस आलाय, त्याला पाणी विचारा कुणीतरी."

"मग? विचारलं कुणी?"

"मीच घेतलं."

ती हसली. खरंखुरं, खांदे हलवून हसली. मिस्त्रींनाही हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. त्यांनी तोंड फिरवलं. समोर घड्याळ होतं. बाराला बारा मिनिटं कमी.

"केव्हा द्यायचंय हे?"

"बाराला गाडी येईल. पण मी नाही देत. सांगतो त्यांना, राहू दे म्हणून."

"पेन कुठाय?" ती म्हणाली.

अर्जाच्या तळाशी दोन सह्यांची जागा होती. एक पतीची. दुसरी रुग्णाची, आणि तिथे मुलीने आधीच लिहून ठेवलं होतं : शक्य नाही. बायकोने ते दोन शब्द एका रेघेत खोडले आणि त्यावर सही केली. ऑफिसातल्या रजिस्टरांवर करायची तशीच : आधी दोन ठसठशीत अक्षरं, मग लांबलेलं आडनाव आणि खाली रेघ.

"करा आता तुम्ही. घाबरू नका, बिघडली तर अजून दहा आहेत."

मिस्त्रींनी पेन धरलं. तीन इंची पाइपाचे आटे घट्ट बसवणारा त्यांचा हात कागदावर टेकताच थरथरला आणि सहीचं पहिलंच अक्षर फाटून दुसऱ्या ओळीत गेलं.

"दुसरा घ्या," ती म्हणाली. तिने दुसऱ्या प्रतीवर 'शक्य नाही' पुन्हा खोडलं आणि पुन्हा सही केली. थोडी वाकडी, पण तीच, तिचीच. मिस्त्रींनी श्वास रोखून हात टेकवला. या खेपेला नाव पूर्ण झालं, पण शेवटी डोळ्यातलं पाणी नेमकं त्याच्यावर पडलं आणि शाई पसरली.

"अहो, काय हे! तिसरा घ्या."

तिने तिसरा कागद ओढला. पेन टेकवलं. टेकवलं तसंच राहिलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिने मान वर केली, आणि तिच्या डोळ्यांत बघताच मिस्त्रींना कळलं.

"इथे काय लिहायचं?" तिने विचारलं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

मिस्त्रींनी डाग पडलेली दुसरी प्रत उचलली. शाई पसरली होती, पण नाव वाचता येत होतं, आणि तिची सही स्वच्छ होती. त्यांनी ती पाकिटात घातली. जिन्यावर पावलं वाजली, दाराची घंटा वाजली. पाकीट हातात घेऊन ते एकेक पाऊल मोजत उंबऱ्यापर्यंत गेले.

"दोघांच्या सह्या आहेत ना?" ड्रायव्हरने विचारलं. "नसल्या तर परत पाठवतात, म्हणून विचारतो."

"आहेत," मिस्त्री म्हणाले. "दोघांच्याही."

ड्रायव्हरने मान डोलावली आणि दोन दोन पायऱ्या उतरत तो गेला. गाडीचा आवाज कोपऱ्यावरून विरून जाईपर्यंत मिस्त्री दारात उभे होते. मग फोन वाजू लागला. मुलीचा असणार. त्यांनी तो वाजू दिला.

आत आले तेव्हा बायको तशीच टेबलाशी बसली होती. तिसरी प्रत तिच्यासमोर होती. तिने पेन बाजूला आडवं ठेवलं होतं आणि पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नये म्हणून दोन्ही तळव्यांनी तो धरून ठेवला होता. त्यांच्या सहीची जागा तिने मोकळी सोडली होती.

"या ना," ती म्हणाली. "मी धरलाय."

मिस्त्री तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. पेन उचललं. हात आता कापत नव्हता. त्यांनी सावकाश, एकही अक्षर न तोडता, पूर्ण नावाची सही केली.

तिने कागद थोडा लांब धरून बघितला.

"हां," ती म्हणाली. "अशी."