सगळ्या ओळी पुसून एकच ओळ

माझा संगणक इतका म्हातारा झाला होता की तो चालू होईपर्यंत माझी दाढी करून व्हायची. नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, पण त्याआधी डिस्क साफ करून फॉरमॅट करायला हवी, असं भाचीनं सांगितलं. ती एका कारखान्यात संगणकांचं काम बघते. लहानपणापासून सगळ्यांना हुकूम सोडते म्हणून घरात तिला फौजदार म्हणतात. तिनं पेनड्राइव्ह तयार करून दिला आणि बजावलं की तुझं जे काही असेल ते आधी दुसरीकडे काढून ठेव. मी ठेवलं होतं. ‘सी’मधून ‘डी’मध्ये, एकदा नाही, दोनदा.

माझं ‘जे काही’ म्हणजे शब्द. चौतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. शिशाचे खिळे गेले तशी त्या कामाची भाषाही जाऊ लागली, म्हणून निवृत्तीनंतर मी खिळे जुळवणाऱ्यांच्या, यंत्रावरच्या माणसांच्या, बाइंडरांच्या घरी जाऊन त्यांचे शब्द उतरवून घेऊ लागलो. अकरा वर्षांत दोन हजारांवर जमले. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकजण आता नाहीत. चिठ्ठ्याही नाहीत. शब्द टंकून झाला की मी चिठ्ठी फाडून टाकत असे. दोन प्रती राहिल्या की त्यांच्यात फरक पडतो, ही तपासनिसाची जुनी धास्ती. वेडेपणाच म्हणा.

तर त्या दिवशी सकाळी दहाला मी पेनड्राइव्ह लावून बसलो. साडेअकरापर्यंत भाचीला अकरा फोन झाले. पडद्यावर काहीही आलं की मी ते तिला सबंध वाचून दाखवत होतो. एका इशाऱ्यात एक स्वल्पविराम जास्त होता, तेही सांगितलं. ती मीटिंगमध्ये होती. दर फोनला तिचा आवाज हळू होत गेला, आणि हळू आवाजातली फौजदार जास्त भीतीदायक असते.

“मामा,” ती म्हणाली, “ते वाचण्यासाठी नसतं रे, दाबण्यासाठी असतं.”

मग तिनं शेवटचं समजावलं. आता एक यादी येईल. तिच्यात चार-पाच ओळी असतील, तो तुझ्या डिस्कचा प्रत्येक भाग. एकेक ओळ निवडायची, पुसायची, सगळ्या पुसून मोकळ्या जागेची एकच ओळ उरली की ‘पुढे’ दाबायचं. बाकीचं फॉरमॅट वगैरे ते आपलं आपण करतं. आणि आता फोन केलास तर मी उचलणार नाही.

यादी आली. चार ओळी होत्या. पहिल्या तीन पुसल्या. चौथी सगळ्यांत मोठी होती. तिच्यापुढे नुसता आकडा, नाव नाही. माझा हात थांबला. हीच तर ‘डी’ नसेल? पण मग वाटलं, ‘डी’ इथे कशी असेल, ती वेगळी आहे. माझ्या डोक्यात ‘सी’ आणि ‘डी’ म्हणजे भिंतीला टेकवलेली दोन कपाटं होती. एक रिकामं करायचं असलं तर माणूस दुसऱ्यात सामान ठेवतो, दुसऱ्याला कोण हात लावणार? तरी विचारावंसं वाटलंच. फोन हातात घेतला, मीटिंगमधली ती, तो हळू आवाज आठवला, आणि आयुष्यभर जे कधी केलं नाही ते केलं. न विचारता ‘पुसा’ दाबलं.

एकच ओळ उरली. तिच्यापुढचा आकडा बघितला आणि सवयीनं मनातल्या मनात बेरीज केली. पुसलेल्या चारही ओळींची बेरीज तेवढीच होती. बाहेर काहीच शिल्लक नव्हतं. कपाट एकच होतं, आत फळ्या घातलेलं.

मी पाच वेळा फोन लावला. तिनं शब्द पाळला. शेवटी मी निरोप पाठवला: ‘डी कुठे असते?’

लगेच फोन आला. आवाज आता मुळीच हळू नव्हता.

“पुढे दाबलंस?”

“नाही.”

“नक्की?”

“अगं, विचारायचं होतं म्हणून थांबलो.”

“ऊठ खुर्चीवरून. वायर काढ. मी येईपर्यंत त्या खोलीत जाऊ नकोस.”

ती संध्याकाळी आली. चप्पल काढायच्या आधी तिनं मला ऐकवायला सुरुवात केली आणि डिस्क बाहेर काढून स्वतःच्या लॅपटॉपला जोडेपर्यंत ती थांबली नाही. मी दोनदा म्हणालो की चूक माझीच आहे, तर ती म्हणाली की ते तिला माहीत आहे, वेगळं सांगायला नको. ओळी पुसल्यात, वर नवं काही लिहिलेलं नाही, म्हणजे आतलं असेल, असं तिचं म्हणणं होतं. ते ‘असेल’ मला फार लागलं. पडद्यावर शोधाची पट्टी सरकत राहिली. दोन तास मी दारात उभा होतो, कारण आत जायची मनाई उठल्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

मग ती पडद्याकडे वाकली. मी पुढे होऊन बघितलं. तिनं परत मिळालेली शब्दांची फाइल उघडते का हे बघायला उघडली होती आणि वाचत बसली होती. खाली, अजून खाली.

“हे तू लिहिलंयस?”

“लिहिलं नाही. जमवलंय.”

“मला वाटलं, तुझी विजेची बिलं असतील. कुणाला दाखवलंस?”

मी म्हटलं, अजून तपासून झालेलं नाही.

“अकरा वर्षांत?”

तिसरी फेरी चालू आहे, मी म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग काहीतरी दाबलं. काय केलंस, असं विचारलं तर म्हणाली की स्वतःला पाठवलं, आईला पाठवलं, भावालाही पाठवलं, आता तू घर जाळलंस तरी चालेल. ‘ग’मध्ये दोन नोंदी उलटसुलट होत्या, त्या मला माहीत होत्या. निदान कुणी उघडू नका एवढं तरी कळव, असं मी तिला म्हणत होतो तेवढ्यात बहिणीचा फोन आला. तिला चूक सापडली होती. पहिल्याच पानावर, वरून सहावी ओळ.

मी सहावी ओळ बघितली. ती बरोबर होती. सातवीत मात्र चूक होती आणि ती बहिणीच्या नजरेतून सुटली होती. सांगावं की गप्प बसावं हे मला ठरवता येईना, आणि तोवर तिनं फोनवरच आठवी मोठ्यानं वाचायला घेतली होती.