बसून राहायचं काम

"चावी दे इकडे," दादा म्हणाला. "शेतातून आलास की ट्रॅक्टरवरच बसून राहतोस. इंजिन फुकटचं डिझेल पितंय, अन् तू आभाळाकडे बघत बसतोस."

धाकट्या भावाने चावी दिली. काम संपलं की खाली उतरायचाही त्याला कंटाळा यायचा. पण त्याची नांगरट चोख होती, आणि ट्रॅक्टर सोडला तर दुसरं काही त्याला धड येत नव्हतं. चावी गेली आणि हातात खुरपं आलं. आता वहिनीसुद्धा ताट वाढताना "दमलात का फार?" असं मुद्दाम विचारायची. ते त्याला फार लागायचं.

दादाची तऱ्हा उलटी. भरधाव अंगणात यायचा आणि चाकं थांबताच इंजिन बंद करायचा. वाचवलेल्या डिझेलचं कौतुक तो आल्यागेल्याला ऐकवी.

ऐन पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरने मान टाकली. नांगर जमिनीत घातला की जोर निघून जायचा आणि निळा धूर निघायचा. आभाळ भरून आलेलं, अर्धं रान तसंच पडलेलं.

"यानंच खिळखिळा करून ठेवला," दादा म्हणाला. धाकट्याला वाटलं, खरंच आपल्या हातून काही बिघडलं असेल, तर चावी कायमचीच गेली.

मिस्त्रीने येऊन इंजिनाला हवा पुरवणारा टर्बो खोलला. आतला दांडा बोटाने हलवला, तर तो दुखऱ्या दातासारखा हलत होता.

"इंजिनाचा तापलेला धूर हे चाक फिरवतो," मिस्त्री म्हणाला. "त्याच दांड्यावरचं पलीकडचं चाक इंजिनात हवा कोंबतं. हा दांडा तेलावर तरंगत फिरतो. पळवत आणून झटकन बंद केलं की तेल थांबतं, हा मात्र लालभडक होऊन फिरतोच आहे. आतलं तेल जळून कोळसा होतं. तेल, फिल्टर वेळेवर बदला, अन् बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं इंजिन सावकाश चालू ठेवा. आधी कोण चालवायचं?"

"हा. नुसता बसून राहायचा वर."

"त्याच्यामुळंच इतके दिवस टिकला मग."

वहिनी हसू दाबत आत गेली. दादाला मिस्त्रीच्या पान्यांकडे बघण्याचं एकाएकी फार अगत्य वाटू लागलं.

नवा टर्बो बसला. त्या संध्याकाळी दादा इंजिन चालू ठेवून बसला खरा, पण डिझेल जळताना बघून त्याचा जीव तुटत होता. शेवटी तो खाली उतरला आणि म्हणाला, "जा रे, वर बस. उद्यापासून तूच चालव. मला नाही जमत हे."

दुसऱ्या दिवशी धाकट्याने दिवसभर जीव तोडून नांगरट केली. आपण आता आळशी राहिलो नाही हे दिसावं म्हणून अंगणात येताच त्याने चावीला हात घातला आणि खाली उडी मारायला पाय उचलला.

"घाई कसली एवढी?" दादा ओट्यावरून खेकसला. "कामाची काही चाड आहे की नाही? बस गुमान."