एका अंगठ्याची दोन नावे

मी एक जुनी शाईची डबी आहे. शिकलेली माणसे मला स्टॅम्पपॅड म्हणतात, पण मित्रांनो, त्या नावात काही गोडवा नाही. जिंतूरच्या कोर्टासमोर प्रियदर्शनी वकीलबाईंचे ऑफिस आहे. तिथल्या टेबलावर मी राहते. माझे झाकण एका बाजूने चेपले आहे, पण म्हणून मला कमी समजू नका. ज्यांना सही येत नाही, त्यांचा कागद माझ्याशिवाय पुढे सरकत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. आठवते ते स्टेशनरीच्या दुकानातले धुळीचे कपाट. वकिली सुरू केली त्याच आठवड्यात बाईंनी मला तिथून सोडवले. तेव्हापासून त्यांचे कारकून मुंजाजी दर सोमवारी माझ्या गादीवर जांभळी शाई टाकतात आणि म्हणतात, "हिला पाजली, आता मला बी चहा पाजा!" हा विनोद मी हजार वेळा ऐकला आहे. तरी हसू येतेच.

माणसांना तुम्ही तोंडावरून ओळखता, मी अंगठ्यावरून. दुकानदाराचा अंगठा मऊ असतो. कापूस वेचणाऱ्याचा खरखरीत असतो. काही जण तर इतका जोर लावतात की माझा जीव घाबरा होतो.

मुंजाजींकडे एक वही आहे. तिच्यात बाईंच्या सगळ्या पक्षकारांची नावे आहेत. नवे काम आले की विरुद्ध बाजूच्या माणसाचे नाव आधी वहीत शोधायचे. जो आपल्याला विश्वासाने पोटातले सांगून गेला, त्याच्याच विरुद्ध उभे राहायचे नाही, हा बाईंचा कडक नियम. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

तीन वर्षांपूर्वी सरजाबाई आल्या. नवरा नागनाथ वारलेला, आणि दीर विहिरीच्या पाण्याची पाळी देईना. उसाच्या तोडीत कोयता लागून त्यांच्या अंगठ्यावर तिरका वण पडलेला आहे. तो मी कशी विसरेन? वकीलपत्रावर अंगठा लावून झाल्यावर त्या हळूच बोलल्या, "मॅडम, माहेरच्या रानात माझा बी वाटा हाय. लेकीच्या, भक्तीच्या शिक्षणासाठी कवातरी मागावा म्हणते. पण भावाला कसं म्हणू? जीभच उचलंना." बाईंनी ते ऐकले आणि स्वतःपाशीच ठेवले. पाण्याचा दावा अजून चालू आहे.

यंदा सेलूकडचे वैजीनाथ नावाचे शेतकरी आले. त्यांना हक्कसोडपत्र हवे होते. म्हणजे बहिणीने वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा सोडला, असा कागद. बहिणीचे नाव त्यांनी सांगितले छबूबाई. मुंजाजींनी वही चाळली. "छ मधी कोणीच न्हाई मॅडम. घ्या बिनघोर!" बहिणीचे आधार कार्ड अंगठ्याच्या दिवशी बघू, असे म्हणून बाईंनी कागद तयार केला. इथेच चूक झाली.

ठरल्या दिवशी बाई आणि मुंजाजी कोर्टात होते. वैजीनाथ बहिणीला घेऊन आत आले. कागद टेबलावरच होता. अंगठ्याच्या जागी पेन्सिलीची फुली होती.

"आगं बया! हे तर माझ्याच वकीलबाईचं हापिस!" बहीण खूश होऊन म्हणाली.

"मग तर बरंच झालं. लाव अंगठा, आक्का. सातबाराचं काम हाय."

"त्यांनी केलाय म्हंजे वाचायचं काय त्यात?" असे म्हणत तिने अंगठा माझ्यावर टेकवला.

मित्रांनो, मला घाम फुटला! तोच तिरका वण! ही सरजाबाई! ज्या वाट्यासाठी ती तीन वर्षे झुरत होती, तोच ती सोडून द्यायला निघाली होती, आणि तेही आपल्या वकिलावरच्या विश्वासाने. मला तोंड असते तर मी बोंब मारली असती. मी नुसती ओली होऊन राहिले.

इतक्यात दारातून मुंजाजी ओरडले, "अहो सरजाबाई, तुमची तारीख तर सोमवारी हाय!"

"सरजाबाई कोण?" वैजीनाथ म्हणाले. "ही आमची छबू आक्का. सरजा तिचं सासरचं नाव."

मागून येणाऱ्या बाई जागीच थबकल्या. "सरजाबाई, अंगठा तसाच धरा. कागदाला लावू नका!"

जांभळा अंगठा हवेत राहिला. बाईंनी तो कागद शब्द न् शब्द वाचून दाखवला. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी तुमची वकील, आणि हा कागद मी भावासाठी केला. वैजीनाथराव, तुमचं काम मी सोडते. ह्या जमिनीच्या कामात मी कुणाचीच वकील होणार नाही. दोघांनी वेगवेगळे वकील बघा."

सरजाबाईंचे डोळे भरून आले. "म्हंजे तुमी आता माझ्या न्हाईत?"

"पाण्याच्या दाव्यात आहेच की. म्हणून तर थांबवलं."

सरजाबाईंनी पोटातले काय सांगितले होते, त्यातला एक शब्दही बाईंनी काढला नाही. तो सरजाबाईंनीच काढला.

"वैजीनाथ, मला वाटा पायजे. भक्तीसाठी."

"आं? मग इतके दिस बोलली का न्हाईस?"

"तू इचारलं कवा?"

वैजीनाथांनी कागद बाजूला सारला. मग ते म्हणाले, "चल आक्का, आधी चहा घेऊ." मुंजाजी आपोआप त्यांच्यामागे निघाले.

आता वहीत बायकांची दोन्ही नावे लिहितात, माहेरचे आणि सासरचे. बाई आधार कार्ड पाहिल्याशिवाय कागदाला हात लावत नाहीत.

मित्रांनो, माझे झाकण लावत जा, नाहीतर मी वाळून जाते. आणि घरातली आजी किंवा मावशी माझ्यावर अंगठा टेकवणार असेल, तर आधी तिला कागद वाचून दाखवा, आणि तो लिहिणारा कुणाचा वकील आहे, ते विचारा. उद्या तुमच्यापैकी कुणी वकील झाले, तर एवढे माझे ऐकाच.

मी आजवर हजारो अंगठे उमटवले. पण माझे सगळ्यांत चांगले काम कोणते, असे कुणी विचारले, तर मी ती पेन्सिलीची फुली दाखवीन, जिच्यावर मी उमटलेच नाही.