जर्मन बोलणारी सून

आमच्या असोद्याच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. नूतन, माझी भावजय, जळगावच्या दवाखान्यात नर्स आहे. दिवसभर परक्या पुरुषांना इंजेक्शनं देते, पण घरात आली की डोक्यावर पदर, आणि आबांना चहा हवा का, हे मला विचारते. मी आबांची लेक, नवऱ्याचं घर सोडून आलेली. इकडचे निरोप तिकडे न्यायला मीच.

केळीच्या बागेत पाय घसरून आबांच्या खुब्याचं हाड मोडलं आणि ते खाटेवर पडले. त्याच सुमारास नूतनने जर्मनचा क्लास लावला. जर्मनीत नर्सा हव्यात म्हणे. क्लासच्या सरांनी सांगितलं, शब्द नुसते पाठ करू नका, जिथे लागतात तिथे वापरा. ‘दुखतं’ हा शब्द दुखणाऱ्या माणसासमोर म्हणा. दुखणारा माणूस घरातच होता.

मग काय! ड्यूटीवरून आली की थेट आबांच्या उशाशी. “हाबन झी श्मेर्त्सन?” म्हणजे दुखतंय का. कूस बदला, पाणी प्या, हात इकडे द्या, सगळं जर्मनमध्ये, हाताने दाखवत. जर्मनला पदर लागत नव्हता. सासऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलायची, हसायचीसुद्धा. आबाही हौशीने शिकले. पाणी प्यायले की आभाराचं “डांके” म्हणायचे. तिला पुढचं वाक्य म्हणता यावं म्हणून दुखत नसलं तरी कण्हायचे. भेटायला येईल त्याला सांगायचे, “माह्यी सून माह्याशी बोलते.”

मी जळायचे, खोटं कशाला सांगू? संडासचं भांडं मी द्यायचे, मीच धुवायचे. त्याचे आभार मला कुठल्याच भाषेत मिळाले नाहीत.

नूतन परीक्षा पास झाली. भावाने गल्लीभर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली, पदर घेतला आणि स्वयंपाकघरातून म्हणाली, “ताई, आबांनी गोळी घेतली का, विचारा ना.”

आबा रोज वाट बघत राहिले. तिची स्कूटी वाजली की उशीवर सावरून बसायचे. ती खाटेजवळून पुढे निघून जायची. शेवटी त्यांनी मला जवळ बोलावलं.

“तिले इचार बरं, माह्यं काही बोलाले चुकलं का?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नूतन बॅग भरत होती. मी सरळच विचारलं.

“नाही हो ताई, चुकलं कुठे? परीक्षा झाली ना आता. तिथे गेल्यावर खऱ्या पेशंटांशी बोलायचंच आहे.”

“मग एवढं त्यांना जाऊन सांग. मराठीत सांग.”

ती गोरीमोरी झाली. पदर पुढे ओढत म्हणाली, “आबांशी? मी कशी बोलू, ताई?”

ती नाटक करत नव्हती, हेच मला सहन झालं नाही. मी तशीच बाहेर आले.

“तुमचं सगळं बरोबर होतं, आबा. तुमच्यामुळेच पास झाली ती.”

“मंग?” आबांनी विचारलं.