सतरंजीखाली

किनवटच्या रानात पाखरं मोजायला जायचं ठरलं, तेव्हा लुंबिनीने टेंट अगदी पारखून घेतला. ऐसपैस नसला तरी चालेल, पण खालचा तळ भिंतींना शिवलेला पाहिजे आणि दाराची चेन पार जमिनीपर्यंत लागली पाहिजे, एवढाच तिचा हट्ट. सोबत जाड मॅट आणि स्लीपिंग बॅग.

तिच्या वडिलांना, आनंदराजांना, ही सगळी थेरं वाटत होती. पाटबंधारे खात्यात असताना विष्णुपुरीच्या कालव्यावर ते नुसत्या पोत्यावर झोपलेले. पोरगी एकटी रानात चाललीय म्हटल्यावर मात्र काखेत सतरंजी मारून तेही निघाले. मग तिने त्यांच्यासाठीही मॅट आणि स्लीपिंग बॅग गाडीत टाकली.

"त्या पिशवीत मला कोंबू नको बाई. मढं बांधल्यावानी वाटतं."

वनखात्याने दाखवलेल्या मैदानात पोचल्यावर दुसरी कुरबुर सुरू झाली. लुंबिनीला टेंट मधोमध, झाडलेल्या जागेवर हवा होता. आनंदराजांनी कडेच्या दगडांच्या ढिगाकडे बोट केलं.

"तिथं आडोसा हाय. मोकळ्यात लई वारं लागतंय."

"पप्पा, दगडांत जनावर असतं."

"तुझ्या टेंटाला तळ हाय न्हवं? मग भ्यायचं काहून?"

प्रवासाने दोघंही शिणले होते. आणखी वाद नको म्हणून तिने हट्ट सोडला. टेंट ढिगाच्या आडोशालाच उभा राहिला. आत तिची मॅट, आणि शेजारी आनंदराजांची सतरंजी. दुसरी मॅट गाडीतच पडून राहिली. झोपताना तिने चेन शेवटपर्यंत ओढली, तेव्हा "गुदमरायलंय मला" असं पुटपुटत ते कुशीवर वळले.

पहाटे उजाडता उजाडता तिला जाग आली. वडील तिच्याकडे तोंड करून गाढ झोपले होते. पाय स्थिर, हात स्थिर. आणि त्यांच्या गुडघ्यांजवळ सतरंजी हलकेच उचलली गेली.

तळाखालून उंदीर जात असेल, असं तिला आधी वाटलं. मग तिची नजर दाराकडे गेली. चेन वीतभर उघडी होती. पप्पा लघवीला उठले असणार आणि येताना तशीच सोडली असणार.

तेवढ्यात सतरंजीच्या काठाबाहेर राहिलेली शेपटी आत ओढली गेली. काळी, वर बारीक पांढरे पट्टे. मण्यार.

वडिलांना हाक मारावी तर त्यांची खोड तिला ठाऊक होती. जाग आली की हात जमिनीवर आपटून ते एकदम उठून बसत. तिने बॅगेच्या तोंडातून एकच हात बाहेर काढला आणि त्यांचं मनगट घट्ट दाबून धरलं.

"पप्पा, मी हाय. डोळे उघडा. हलू नका."

मनगटाला हिसका बसला. तिने सोडलं नाही.

"काय झालं गं?"

"सतरंजीखाली मण्यार हाय. तुमच्या कमरेजवळ."

जन्मात कुणाचं न ऐकलेला तो माणूस दगडासारखा पडून राहिला. त्यांची नाडी तिच्या बोटांखाली धडधडत होती. सतरंजीतला फुगवटा सरकत पोटापाशी आला, थांबला, पुन्हा सरकला. मग दोघांच्या मधून चपटं काळं डोकं बाहेर आलं आणि वळलं ते तिच्याकडे.

आता श्वास रोखायची पाळी तिची होती. बॅगेच्या कापडावरून, तिच्या पोटऱ्यांवरून ते ओझं सावकाश जात होतं. तिला दिसत होते ते फक्त वडिलांचे डोळे. ते तिच्या पायांकडे बघत होते आणि भरून आले होते, पण पापणी लवत नव्हती.

मण्यार भिंतीला लागली. कोपऱ्यात अडली, मागे फिरली, पुन्हा भिंत धरली. शेवटी दारापाशी पोचली आणि त्या वीतभर फटीतून बाहेर पडून दगडांत दिसेनाशी झाली.

बाहेर आल्यावर लुंबिनी कधी नव्हे ती वडिलांवर ओरडली. "चेन लावायला किती वेळ लागतो हो? सांगा ना, किती वेळ?" आणि ओरडता ओरडताच खाली बसून रडायला लागली.

"माझ्या अंगावरून गेली असती तर चाललं असतं," आनंदराज म्हणाले. "तुझ्या अंगावरून..."

घरी परत जाऊ, असं ते दोनदा म्हणाले. ती नाही म्हणाली. डोळे पुसून दुर्बीण गळ्यात अडकवून ती गणनेला गेली. दुपारी परतली तेव्हा टेंट मैदानाच्या मधोमध उभा होता. दोऱ्या वेड्यावाकड्या ताणलेल्या, पण खुंट्या पक्क्या. सतरंजी गाडीत गेली होती, आणि तिच्या जागी दुसरी मॅट.

त्या रात्री ते पिशवीत शिरले. कुरकुरले, पण झोपले. सकाळी त्यांनीच तिला हलवलं.

"ऊठ लुंबे. तुझी पाखरं बोलायलीत."