इटलीचा काला

"अर्धा किलो चक्का दे," बबनराव म्हणाले, "आणि क्रीम."

खंडूने चक्का वजनकाट्यावर टाकता टाकता वर पाहिलं. रहाटणीतली ही डेअरी त्याच्या आजोबांच्या म्हशींवर उभी राहिलेली. म्हशी गेल्या, गोठ्याच्या जागी इमारत आली, डेअरी तेवढी राहिली.

"श्रीखंड का काय, बबनराव? पर तुमच्याकडं वरीस व्हायचंय न्हवं अजून?"

"श्रीखंड नाही. सूनबाईचा वाढदिवस आहे. ज्ञानेश करायचा ते."

खंडूने काटा थांबल्यावरही चमचाभर चक्का वर टाकला आणि पिशवी पुढे केली. "क्रीम आधी फ्रिजात ठिवा. न्हाईतर त्याचं पानी व्हतं."

शेजारच्या बेकरीतून बबनरावांनी टोस्टचं पाकीट घेतलं आणि निघाले.

ज्ञानेश त्यांचा एकुलता एक मुलगा. चाकणच्या कंपनीत सुपरवायझर होता. सेकंड शिफ्ट करून मोटारसायकलवर निघाला आणि मोशीच्या पुढे आलाच नाही. त्याला वर्ष व्हायला अजून दोन महिने होते. वर्षाच्या आत घरात गोड करायचं नाही, दुखवटा बाहेरच्यांनी येऊन काढायचा, हा लातूरकडून सोबत आणलेला रिवाज. मंजुळाबाईंनी तर चहातली साखरसुद्धा सोडली होती. मग बबनरावांनी सोडली, मग सुनेने. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

स्वरूपा पिंपळे गुरवच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामावर जाई. तिला आईवडील नव्हते, मामांनी वाढवलेली. त्या मामांचा, ज्योतीरामांचा, आठवड्यापूर्वी फोन आला होता. ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरीला असलेला रणजीत नावाचा मुलगा आहे, पहिली बायको आजारात गेली, माणसं सरळ आहेत, त्यांना सगळं ठाऊक आहे. स्वरूपाला विचारलं तर ती म्हणते, आईबाबा म्हणतील तसं. ज्योतीराम पुढे म्हणाले होते की, तुम्ही तोंडाने सांगितल्याशिवाय पोर हलायची नाही. रविवारी रात्री आठला मी तिला फोन करतो, तोवर तुम्ही बोला.

बबनराव "बोलतो" म्हणाले होते. रविवार आला तरी बोलले नव्हते. पोरीने जावं हे त्यांना पटलेलं होतं. पण ती गेल्यावर संध्याकाळी दाराशी कोणाच्या चपला वाजणार नव्हत्या, आणि ज्ञानेशचं नाव काढायला घरात दोन म्हाताऱ्यांशिवाय कोणी उरणार नव्हतं. तोंड उघडलं की हे मधे येई, आणि ते पाणी पिऊन उठत.

मंजुळाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी डाळ निवडत बसल्या होत्या.

"काय करायलाव हे?"

"ते. तिरमिसू."

"वरीस झालं नाही. मी हात लावणार नाही."

"नको लावू."

बबनरावांनी क्रीम फेटलं, चक्क्यात मिसळलं. हात चालत होते. कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये तीस वर्षं असेच चालले होते. त्या आवाजाने कान मंदावले, तरी सप्ताहात बुवांच्या मागे टाळ धरून उभं राहायला त्यांना अडचण आली नाही, ताल पायातून वर येई. ज्ञानेश गेल्यापासून टाळ फडक्यात बांधून देव्हाऱ्याखाली पडले होते. मंडळातले बोलवायला येत, बिनसाखरेचा चहा पिऊन जात.

ज्ञानेश दर वर्षी बायकोच्या वाढदिवसाला या ओट्याशी उभा राहून हे इटलीचं गोड करी. इटलीतलं चीज मिळत नाही म्हणून चक्का, तिकडची बिस्किटं नाहीत म्हणून टोस्ट. पहिल्या वर्षी बबनरावांनी विचारलं होतं, मग यात खरं काय आहे? तो हसून म्हणाला होता, "बाबा, हा इटलीचा काला. ज्याच्या घरी जे आहे ते आणायचं." बबनरावांना ते फार आवडलं होतं. काल्याच्या कीर्तनात बुवा हेच सांगत. देवाने गोपाळांच्या शिदोऱ्या सोडल्या तेव्हा कोणाच्या फडक्यात दही होतं, कोणाच्या फडक्यात शिळी भाकरी. देवाने सगळं एकत्र केलं आणि आधी स्वतः खाल्लं.

त्यांनी टोस्ट कॉफीत सोडला.

"भिजत ठेवू नका," दारातून आवाज आला. "तो नुसती दाखवायचा कॉफी. लगेच काढायचा."

टोस्टचा थर, चक्क्याचा थर, परत टोस्ट. कोकोचा डबा ज्ञानेशच्या वेळचाच होता, तळाशी थोडी पूड उरलेली. बबनराव ती बोटांनी भुरभुरायला लागले तशा मंजुळाबाई उठल्या, चहाची गाळणी घेतली, डबा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि सगळीकडे सारखी पूड चाळली. शेवटी डबा उपडा करून ठोकला. मग परत जाऊन डाळीपुढे बसल्या.

ज्ञानेश करता करता बोटं चाटायचा आणि आईच्या शिव्या खायचा. देवाच्या आधी तोंड घालतो मेला, म्हणून. बबनरावांनी चव घेतली नाही. भांडं देवापुढे ठेवलं, तुळशीचं पान ठेवलं, पाणी फिरवलं आणि ते फ्रिजमध्ये सरकवून दिलं.

स्वरूपा संध्याकाळी आली. बाहेर काढून ठेवलेलं भांडं पाहून दारातच थोडी थांबली. हातपाय धुऊन येऊन वाटीपुढे बसली.

"तुम्ही केलंत, बाबा?"

"हं. कोको तुझ्या सासूने घातला."

तिने एक चमचा खाल्ला. मग दुसरा. सावकाश, मान खाली घालून, डब्यातली भाजी खावी तशी ती खात राहिली. बबनराव समोर बसले होते. घड्याळ आठाकडे चाललेलं दिसत होतं. आता बोलायचं, असं त्यांनी ठरवलं आणि तोंड मोकळं व्हावं म्हणून स्वतःच्या वाटीत चमचा घातला.

कडू कॉफी आणि आंबट चक्का. बाकी काही नव्हतं.

"साखर राहिली," ते म्हणाले.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

स्वरूपा वाटीकडे पाहत म्हणाली, "मला वाटलं, वर्ष झालं नाही म्हणून घातली नसेल. मला चालतं, बाबा. मी राहीन."

बबनराव उठले. साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर गेला होता. त्यांनी स्टूल लावून तो काढला. ओल लागून साखरेचा दगड झाला होता. उलथन्याच्या मागच्या टोकाने त्यांनी तो फोडला, वाटीभर भुगा घेऊन आले आणि सुनेच्या वाटीत उरलेल्या घासांवर चमच्याने घातला. एक चमचा, वर अजून एक.

"मामांना हो म्हण," ते म्हणाले. "तोंड गोड कर आणि हो म्हण. आम्ही सांगतोय."

ती हलली नाही. तिने सासूकडे पाहिलं.

मंजुळाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या वाटीला त्यांनी अजून हात लावला नव्हता. त्यांनी ती वाटी फरशीवरून पुढे सरकवली.

"मला बी घाला," त्या म्हणाल्या.

बबनरावांनी घातली. तिघं खायला लागले. साखर विरघळली नव्हती.

आतल्या खोलीत फोन वाजला. बबनरावांना ऐकू आला नाही, स्वरूपा उठली तेव्हा कळलं. तिने पदर नसतानाही तो सावरल्यासारखा खांद्यावरून हात फिरवला आणि आत गेली. दार अर्धवट उघडं राहिलं. "हो, मामा," एवढं ती मोठ्याने म्हणाली, ते त्यांच्यापर्यंत पोचलं. पुढचं काही ऐकू आलं नाही. दाताखाली साखर वाजत होती.