पाइप काढल्यावर

माझ्या थोरल्या भावाने आयुष्यात दोघींवर मनापासून प्रेम केलं. एक होडीची मोटर आणि दुसऱ्या वहिनी. हा क्रम माझा नाही, वहिनींचा आहे.

मोटर बत्तीस वर्षांची. खाऱ्या पाण्यातून आली की दादा तिला मागच्या अंगणात लाकडी घोडीवर चढवायचा, खालचा पंखा गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून दहा मिनिटं चालवायचा, प्लग पुसायचा, ग्रीस भरायचा. महिन्याला तपासणी ठरलेली. स्वतःची छाती मात्र त्याने एकदाही तपासून घेतली नाही. "मी कुठे खाऱ्या पाण्यात असतो?" म्हणायचा.

दादा गेल्यावर होडी विकली, मोटर वहिनींनी ठेवून घेतली. पडून राहिली तर मरेल, असं दादा सांगून गेलेला. म्हणून दर रविवारी सकाळी त्या ती पिंपात चालवायच्या. तरी आठ महिन्यांत ती तिसऱ्यांदा अडकली.

मिस्त्रीने कार्बोरेटर उघडला नि कपाळाला हात लावला. "काकू, पेट्रोलचा आत सुकून डिंक झालाय. बंद कशी करता?"

"बटण दाबून."

"अहो, पेट्रोलचा पाइप काढायचा! आतलं उरलेलं पिऊन ती आपणहून थांबली पाहिजे. काकांनीच शिकवलंय मला."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या आणि घरात गेल्या.

मिस्त्री माझ्याकडे वळला. "साफ करून देतो. पण आतली नळी झिजलीय आणि ह्या मॉडेलची आता मिळत नाही. पुन्हा चिकटली तर सरळ भंगारात."

स्वयंपाकघरात वहिनी स्वच्छ ओटा पुसत होत्या.

"वहिनी, दादाला बत्तीस वर्षांत जे बटण दिसलं नाही, ते तुम्हाला बरं सापडलं!"

त्या हसल्या नाहीत. "भाऊजी, पाइप काढल्यावर ती लगेच थांबत नाही. आधी एकदम जोरात चालते. ऐकलंय कधी? नव्यासारखी. मग खोकते, आणि मग..." त्यांनी फडकं पिळलं. "मला नाही ऐकवत."

हॉस्पिटलातल्या शेवटच्या सकाळी दादा उठून बसला होता. मोटर धुतली का विचारलं, माझ्या टकलावरून मला छळलं. सुधारला म्हणून मी खाली चहा प्यायला गेलो. चहा बरा होता, म्हणून दुसराही घेतला. वर आलो तेव्हा खोलीत वहिनी एकट्याच होत्या.

"आज मोटर बंद करताना मी थांबतो तिच्याजवळ," मी म्हणालो. "दर रविवारी येत जाईन."

"तुम्ही?"

"हो. माझा चहा झालाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत ह्या विषयावर आम्ही एवढंच बोललो.

मिस्त्रीने दोरी ओढली, मोटर सुरू झाली. दहा मिनिटांनी मी पाइप काढला. तशीच चालत राहिली. मग अचानक तिचा आवाज चढला. पिंपातलं पाणी उसळून माझ्या पायांवर आलं. किती ताजीतवानी वाटत होती! कोणीही फसलं असतं. मग खोकली. पुन्हा एकदा. मी तिच्या टोपणावर हात ठेवून उभा राहिलो. ते गरम होतं.

अंगण शांत झालं.

खिडकीतून वहिनींचा आवाज आला. "थांबली?"

"थांबली."

"आपणहून?"

"आपणहून."

खिडकीच्या गजांतून कोरडं फडकं बाहेर आलं. मग, "प्लग पुसा नीट. आळस करू नका."